भाकीतबुवा

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात गावोगावी रेजिदोर असे, गावकारीला कुळकर्णी असे, देवस्थानाला महाजन असत, आणि या साऱ्यांच्या नेमणुका, अधिकार व जबाबदाऱ्या कुठल्या ना कुठल्या दप्तरात नमूद असत. परंतु ज्याला कधी सनद मिळाली नाही, इनाम मिळाले नाही, सरकारदरबारी ज्याची एका ओळीचीही नोंद नाही आणि तरीही जे पेडणे आणि डिचोली या दोन महालांत एक दिवसही रिकामे राहिले नाही, असे एक पद आहे, आणि ते म्हणजे भाकीतबुवांचे. गृहस्थ बदलतात, गादी चालू राहते. जुने बुवा वारले की तेराव्याच्या पंगतीतच कोणीतरी ताक ओरपता ओरपता ‘यंदा पाऊस लवकर लागणार’ असे पुटपुटतो, शेजारचा ‘कशावरून?’ असे विचारतो, आणि तो काही न बोलता नुसता हसतो. त्या क्षणी राज्याभिषेक उरकला असे खुशाल समजावे.

भाकीतबुवांना ज्योतिषी म्हणाल तर ज्योतिषी रागावेल आणि बुवाही. ज्योतिषाला कुंडली लागते, घटकापळे लागतात, दक्षिणा तर लागतेच लागते. वराहमिहिराने बृहत्संहितेत दैवज्ञाच्या अंगी असावयाच्या गुणांची जी प्रदीर्घ जंत्री दिली आहे, तीत सत्यवचनापासून विनीत वेशापर्यंत सारे काही आहे. त्यांपैकी विनीत वेश तेवढा आमच्या बुवांपाशी आढळतो, कारण खांद्यावरच्या पंच्याहून अधिक विनीत होणे मनुष्यमात्राला शक्य नाही. बोलचालीच्या मराठीने या प्रांतातली कामे मोठ्या चोखपणाने वाटून दिली आहेत: भविष्य ज्योतिषाकडे, कयास फौजदाराकडे, अदमास सावकाराकडे, अंदाज वेधशाळेकडे, आणि ज्याच्याजवळ कुंडली, पुरावा, खतावणी किंवा वायुभारमापक यांतले काहीच नाही, त्याच्याकडे भाकीत. ‘त्यांनी भविष्य सांगितले’ असे म्हणताना आवाज जरा खाली येतो. ‘त्यांचे भाकीत ऐकलेत का?’ असे विचारताना भुवई किंचित वर जाते. मात्र दोन्ही वेळा ऐकणारा खुर्ची पुढे ओढतो.

२००८ साली जयंत नारळीकरांनी पुण्यात ज्योतिषांची परीक्षा घेतली, तेव्हा कुंडली पाहून मूल हुशार की मतिमंद एवढेच सांगायचे होते, आणि सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे शेकडा ४६ बरोबर आली, म्हणजे रुपया उडवून जे साधले असते त्याहूनही थोडी कमीच. भाकीतबुवांची अशी परीक्षा घेणे कोणत्याही शास्त्रज्ञाला शक्य नाही, कारण त्यांच्या उत्तरपत्रिकेत उत्तर नसते.

त्यांचा दरबार सोप्यावर भरतो. मिरगाच्या आधीचे घामट दिवस, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, मिरची, सोले आणि सुके बांगडे घेऊन परतलेली माणसे क्षणभर टेकलेली, आणि कोणीतरी पावसाचे विचारतो. बुवा लगेच बोलत नाहीत. ते विड्याच्या पानाचे देठ खुडतात, शिरा सोलतात, चुना अंगठ्याने घासून घासून पानाच्या कडेपर्यंत नेतात, अडकित्त्यात सुपारी धरतात आणि कातरत मात्र नाहीत. तो तसाच उघडा ठेवून अंगणातल्या माडाच्या शेंड्याकडे पाहत राहतात. मग कट्‌ असा आवाज होतो आणि त्याबरोबर भाकीत बाहेर पडते: “माका दिसता, पाऊस आहे. पण सगळीकडे सारखा नाही.”

या वाक्याची बांधणी कोणत्याही वकिलाने अभ्यासावी अशी आहे. जिथे वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तिथे ‘पाऊस आहे’ हे विधान खोटे पाडणे परमेश्वराच्याही हाती नाही. आणि हरमलच्या किनाऱ्यावर जेवढा पडेल नेमका तेवढाच डिचोलीच्या डोंगरात पडावा, असे जर कधी घडलेच तर तो मोजायला जाणार कोण? हवामान खात्याने १८८६ मध्ये हिमालयातल्या बर्फावरून पावसाळ्याचे अंदाज द्यायला सुरुवात केली आणि तेव्हापासून चुकण्याची जबाबदारी अंगावर ओढवून घेतली. पंचांगकर्तेसुद्धा नक्षत्राचे वाहन बेडूक आहे की गाढव ते छापून मोकळे होतात. फार कशाला, देवळात प्रसाद लावला तर मूर्तीवर चिकटवलेली पाकळी एक तर उजवी पडते नाहीतर डावी, म्हणजे साक्षात देवालाही एक बाजू घ्यावी लागते. बुवांनी पावसाच्या बाबतीत तेवढा धोका आजवर पत्करलेला नाही. त्यांचे खरे गोत्रज फार दूरचे, ग्रीसमधल्या डेल्फीचे. इराणवर चाल करून जाऊ का, असे क्रीसस राजाने विचारले, तेव्हा तिथल्या देववाणीने सांगितले म्हणे की, गेलास तर एक मोठे साम्राज्य लयाला जाईल. गेले, क्रीससचेच गेले.

राजकीय भाकिते हा बुवांच्या कारकिर्दीतला वैभवाचा भाग. सत्तेचाळीस सालापासून दर दिवाळीला, नरकासुर जाळून झाल्यावर, पोह्यांचे ताट पुढे असताना, आधी पोलिसांचा कोणी हेर आसपास नाही याची खातरजमा करून, ते कानाशी लागून सांगत की पुढच्या दिवाळीला पाकले, म्हणजे पोर्तुगीज, इथे नसतील. पाकले असत. पुढच्या दिवाळीला बुवा तेच वाक्य त्याच पोह्यांबरोबर पुन्हा देत. एकसष्ट सालच्या नोव्हेंबरातही दिले, आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला! आधीची चौदा भाकिते गावाने एका रात्रीत माफ केली, नव्हे विसरून टाकली, आणि पंधरावे तेवढे आजतागायत सांगितले जाते. मला यात गावाचा भाबडेपणा दिसत नाही. इतक्या आनंदाच्या प्रसंगी हिशेबाची वही काढून बसणारा मनुष्य शेजारी म्हणून कोणाला आवडेल?

पाच वर्षांनी जनमत कौल आला. महाराष्ट्रात विलीन व्हावयाचे असेल तर फूल, संघप्रदेश ठेवावयाचा असेल तर दोन पाने. बुवांनी आपल्या सोप्यावरून पाहिले तर दृष्टीच्या टप्प्यात सगळीकडे फूलच फूल होते, तेव्हा त्यांनी एक निखळ, बिनपळवाटीचे भाकीत केले: विलीनीकरण होणार. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. पेडण्याने आणि डिचोलीने फुलाला भरभरून मते दिली, आणि साऱ्या मुलखाची मोजदाद होता होता दोन पाने ३४,०२१ मतांनी पुढे निघून गेली. दुसऱ्या कोणी गृहस्थाने चार दिवस तोंड लपवले असते. बुवा दुसऱ्याच दिवशी सकाळी सोप्यावर हजर होते. “मी पेडण्यापुरते बोललो होतो,” ते म्हणाले, आणि सुपारी कातरली.

इथे त्यांच्या विद्येचे दुसरे अंग दिसते. पळवाट आगाऊ ठेवावी हे उत्तम. ती राहून गेल्यास मागाहून एक शब्द घालून दुरुस्ती करावी. कोकण रेल्वेच्या वेळी पेडण्याच्या बोगद्यातली भुसभुशीत माती जेव्हा पुन्हा पुन्हा खचू लागली, तेव्हा तत्कालीन गादीधारकांनी या डोंगरातून गाडी जाणे नाही असा निकाल दिला. २६ जानेवारी १९९८ ला मार्ग खुला झाला, गाडी गेली, आणि त्यांनी शांतपणे म्हटले, “सहजासहजी जाणार नाही असे मी म्हणालो होतो.” मोपाच्या पठाराविषयी ‘हयातीत विमान उतरत नाही’ असे सांगणारे बुवा तर २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्घाटन होण्यापूर्वीच निवर्तले, त्यामुळे त्यांचे भाकीत तंतोतंत खरे ठरले.

हे सारे वाचून कोणी त्यांना लबाड म्हणेल; परंतु आजाऱ्याच्या घरी त्यांना एकदा पाहावे. म्हातारा माजघरात घोरत पडलेला, पणजीच्या डॉक्टरांनी रक्ताचे, साखरेचे, मूत्रपिंडाचे आकडे ज्यात लिहिले आहेत तो कागद थोरल्या मुलाच्या खिशात, आणि त्या आकड्यांचा एकत्रित अर्थ विचारण्याची छाती कोणाचीच नाही. बुवा येतात, पायरीवर पाय धुतात, म्हाताऱ्याच्या तळव्याला हात लावून पाहतात आणि बाहेर येऊन सांगतात, “अमावास्या टळली म्हणजे झाले.” वैद्यकाच्या दृष्टीने या वाक्याला कवडीची किंमत नाही. पण अमावास्या सहा दिवसांवर असते, आणि ते सहा दिवस त्या घरातली माणसे पाळीपाळीने झोपतात, वेळेवर जेवतात, आणि मुंबईच्या मुलीला बोलावून घ्यावे की न घ्यावे याचा निर्णय निदान अमावास्येपर्यंत तहकूब होतो. कित्येकदा म्हातारा अमावास्या ओलांडून चवथीच्या माटोळीला नारळ बांधायला उभा राहतो. न राहिला तर अमावास्या वाईट होती हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतेच.

पेडण्याचे बुवा आकाशाकडे पाहून बोलतात, तर डिचोलीचे जमिनीकडे पाहून, कारण तिथले दैव लोहखनिजाच्या रूपाने मातीत पुरलेले आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या, २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली, २०१८ साली त्याच न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, आणि या सबंध काळात डिचोलीच्या बाजारात ‘पुढच्या महिन्यात सुरू होतात’ हे भाकीत न ऐकता कोणाला भाजी घेता आली नाही. दारात उभ्या ट्रकच्या हौद्यात तेरडा उगवलेला आणि बँकेचे हप्ते थकलेले, असा एक मालक असाच एकदा बुवांच्या सोप्यावर येऊन बसला. अडकित्ता उघडला गेला, जमिनीकडे पाहणे झाले, सुपारी फुटली.

“होतील. पण पूर्वीसारख्या नाहीत.”

“ते मलाही कळते हो, बुवा,” ट्रकवाला म्हणाला, “तारीख सांगा.”

बुवांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की जणू त्याने त्यांच्या जातिवंतपणाविषयीच संशय घेतला होता. “तारीख हवी असेल,” ते म्हणाले, “तर भिंतीवर कॅलेंडर आहे.”