आधी वाटप, पुढचं बघू

तीन डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. नोव्हेंबर सरत आला की आमच्या भागातल्या मंडपवाल्याला, हारवाल्याला आणि फोटोग्राफरला दिव्यांगांची फार तीव्रतेनं आठवण येऊ लागते. यंदा भाऊंनी अंध विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटायचं ठरवलंय. (भाऊ कोण, ते चौकातल्या बॅनरवर पाहून घ्यावं. सिग्नल त्याच्याच मागे आहे.)

गेल्या वर्षी पांढऱ्या काठ्या वाटल्या होत्या. सगळ्या एका मापाच्या, कारण घाऊक भावात तशाच मिळतात. आता काठी म्हणे जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत यावी लागते, आणि ती चालवण्याचंही एक शास्त्र आहे. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावून आलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेतल्या व्हॅली फोर्ज रुग्णालयात रिचर्ड हूव्हर यांनी ते बसवलं. उजवं पाऊल पुढे पडताना काठीचं टोक डावीकडे टेकायचं, डावं पडताना उजवीकडे. म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा काठीनं आधीच तपासलेली असते. हे अंगवळणी पडायला शिकवणारा लागतो आणि रस्त्यावरचा भरपूर सराव लागतो. आमच्याकडे काठी हातात दिली, फोटो झाला, टाळ्या झाल्या. सहा फुटी एका पोराच्या वाट्याला कमरेपर्यंत येणारी काठी आली. तो नंतर म्हणाला, ‘‘भाऊ, काठी चांगली आहे. खड्डा कळतो, पण पाय आत गेल्यावर.’’ भाऊंनी पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि ते अहवालात छापून आलं.

तर लॅपटॉपची बैठक. अंधांचा प्रतिनिधी असावा म्हणून संगणक शिकवणारे एक अंध सर बोलावले होते. प्रतिनिधीनं चहा घ्यायचा असतो, प्रश्न विचारायचे नसतात, हे त्यांना कोणी सांगितलं नसावं. त्यांनी विचारलं, ‘‘लॅपटॉपमध्ये पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर टाकून देणार ना?’’

खजिनदार सावध झाले. ‘‘कितीला पडतो?’’

‘‘एनव्हीडीए फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं २००६ साली सुरू केला. जगभर वापरतात.’’

खजिनदारांचा चेहरा पडला. फुकट वस्तूचं बिल कसं लावणार? ज्याला कोटेशन नाही, टेंडर नाही, ते सॉफ्टवेअर भरवशाचं असेल तरी कसं?

‘‘आणि शिकवायला माणूस लागेल,’’ सर म्हणाले. इथे मात्र बैठक गप्प झाली. वाटपाला पाच मिनिटं लागतात, शिकवायला महिनोन्‌महिने. शिवाय शिकवण्याला रिबन बांधता येत नाही. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे चाचपून बोटं जागेवर बसवायची, इन्सर्टची कळ दाबून धरत हुकूम द्यायचे, वेबपानावर एच दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, आणि तो यांत्रिक आवाज हळूहळू इतका वेगवान करायचा की शेजारच्या डोळसाला नुसतं चरचर ऐकू यावं. या सगळ्याचा फोटो काढला तर दिसणार काय? खुर्चीत बसलेला एक मुलगा.

सर सांगत होते की त्यांच्या वर्गात पहिल्याच दिवशी माऊस काढून कपाटात जातो, कारण पडद्यावरचा बाण ज्याला दिसत नाही त्याला त्याचा उपयोग शून्य. हे ऐकून दोन सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येक लॅपटॉपबरोबर वायरलेस माऊसची ऑर्डर आदल्याच दिवशी गेली होती, भाऊंचा फोटो छापलेल्या माऊसपॅडसकट.

बरं, समजा एखादी मुलगी जिद्दीनं हे सगळं शिकलीच. सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के जागा आहेत, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. ती अर्ज भरायला बसते. जाहिरात उघडली तर स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे स्क्रीन रीडरच्या लेखी कोरा कागद. दुसऱ्या खात्याची जाहिरात कृतिदेवमध्ये टाइप केलेली. त्या फाँटमध्ये ‘महाराष्ट्र’ लिहिलं की स्क्रीन रीडर ‘ई जी के जे के’ असं काहीसं पुटपुटतो. युनिकोड येऊन जमाना झाला, पण साहेबांच्या टायपिस्टचा हात कृतिदेववर बसलाय आणि हात काही बदलत नाही. तिथूनही पुढे सरकलं तर कॅप्चा: आपण यंत्र नसून माणूस आहोत हे सिद्ध करण्यासाठी सिग्नल असलेली चित्रं निवडा. पुण्यात चांगले डोळे असलेल्यांनाही सिग्नल दिसतो असा पुरावा आजवर हाती लागलेला नाही. या मुलीकडून मात्र तो मागितला जातो.

बँकेत खातं काढावं तर ऑनलाइन केवायसीत फोन म्हणतो, जिवंत असाल तर पापणी लववा. शेवटी ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध अर्जदारांना सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ रोजी सांगितलं. त्याआधी नोव्हेंबर २०२४मध्ये याच न्यायालयानं सरकारला समजावलं होतं की सुगम्यतेचे नियम बंधनकारक हवेत, नुसत्या शिफारशी नकोत. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा, सुगम्य भारत अभियान २०१५चं. अभियान आधी आणि कायदा मागाहून, म्हणजे वाटपवाल्यांच्या सवयीला धरूनच.

आमच्या कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिकाही व्हॉट्सॲपवर सगळ्या अंध विद्यार्थ्यांना गेली. सोनेरी किनार, कोपऱ्यात गणपती, मधोमध भाऊ. सरांच्या फोननं ती अवघ्या एका शब्दात वाचून दाखवली: ‘‘फोटो.’’

बैठक उठायच्या आधी सरांनी एक प्रस्ताव मांडला. नवे लॅपटॉप नकोत. दुरुस्तीच्या दुकानांत स्क्रीन फुटलेले लॅपटॉप कवडीमोलानं पडलेले असतात. त्यांचा कीबोर्ड आणि आवाज चालू असला की आमच्या वर्गाला पुरे, स्क्रीन कुणाला हवीय? त्यातून जे पैसे वाचतील त्यात एक शिक्षक वर्षभर ठेवा.

‘‘फुटक्या वस्तू? भाऊंच्या हस्ते?’’ अध्यक्षांना घाम फुटला.

प्रस्ताव विचारार्थ पुढच्या वर्षीच्या समितीकडे पाठवल्याची नोंद इतिवृत्तात झाली आणि सभा पुढच्या विषयावर आली: मंडपाचे पडदे निळे असावेत की गुलाबी. त्यावर दीड तास चर्चा झाली.