घरच्या घरी फाळणी

आमच्या ठाण्याच्या वर्तकनगरात पुनर्विकासाचं वारं शिरलं की सोसायटीत दोन तट पडतात, दोन बिल्डर उभे राहतात आणि तिसऱ्या सभेत मिनिटबुक कुणाच्या घरी ठेवायचं यावरून बाह्या सरसावल्या जातात. परवा जिन्यात एकानं विचारलं, "तीन मजल्यांवर यांचं एकमत होत नाही, तर त्या लोकांनी अख्खा देश कसा वाटला असेल हो?" सोपं आहे. फक्त घाई नको. चांगली फाळणी मुरायला चाळीस वर्षं लागतात, उरकायला पाच आठवडे.

1. आधी मतदारयादी फाडा. माणसं मागाहून फाटतात. 1906 मध्ये आगाखानांचं शिष्टमंडळ सिमल्याला जाऊन व्हाइसरॉय मिंटोंना भेटलं आणि 1909 च्या कायद्यात मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. म्हणजे ए विंगनं ए विंगचाच माणूस निवडायचा. उमेदवाराची केवढी सोय! बी विंगच्या पायऱ्या चढून हात जोडायला नकोत. उलट गॅलरीतून तिकडे चार शब्द सुनावले, की इकडची मतं वाढतात.

2. मैत्री करून ठेवा. पुढे हळहळायला उपयोगी पडते. 1916 मध्ये सरकारनं टिळकांकडे चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, तेव्हा मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू मांडून जिंकणारे बॅरिस्टर होते जिना. त्याच डिसेंबरात काँग्रेस आणि मुस्लिम लीगचा लखनौ करार झाला, त्यामागेही हे दोघे होतेच. त्यात ऐक्य ठरलं आणि स्वतंत्र मतदारसंघही कायम झाले. एकत्र यायला बसायचं आणि उठताना वेगळेपणावर सही करायची, एवढं जमलं तर तुमच्या हाताला गुण आहे.

3. अहवाल, मुद्दे, परिषदा चालू ठेवा. 1928 चा नेहरू अहवाल, 1929 चे जिनांचे 14 मुद्दे, मग लंडनला तीन गोलमेज परिषदा. इथे फार अडकू नका, तेही अडकलेच होते.

4. सरावाला एक तुकडा काढून पाहा. सिंध 1847 पासून मुंबई इलाख्यात होता. 1 एप्रिल 1936 ला तो वेगळा केला. (तारखेला हसू नका.) तिथल्या बऱ्याच हिंदूंचा याला विरोध होता. समजूत काढत बसू नका. हा तुकडा मात्र लक्षात असू द्या.

5. मागणी मोघम ठेवा. लीगच्या मार्च 1940 च्या लाहोर ठरावात 'पाकिस्तान' हा शब्दच नाही, नकाशा तर लांबच. त्याच वर्षाच्या अखेरीस आंबेडकरांनी या प्रश्नावर पुस्तक काढून लोकसंख्या, सैन्य, महसूल असा रीतसर हिशेब मांडला. असं पुस्तक पूर्ण वाचायचं नसतं. दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचं पान दुमडून ठेवायचं.

6. तोडगा निघालाच तर घाबरू नका. 16 मे 1946 ला कॅबिनेट मिशननं योजना मांडली: प्रांतांचे तीन गट आणि केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र, दळणवळण. दोन्ही पक्षांनी होकार दिला, पण आपापला अर्थ लावून! आता फक्त एक पत्रकार परिषद हवी. 10 जुलैला मुंबईत जवाहरलाल नेहरू म्हणाले, घटना समितीत आम्ही जाऊ, बाकी कशाला बांधलेले नाही. महिनाअखेर मुंबईतच लीगनं होकार मागे घेऊन 'प्रत्यक्ष कृती'चा दिवस ठरवला, 16 ऑगस्ट. त्या दिवसापासून कलकत्त्यात जे झालं ते मिनिटबुकात लिहू नका. तुमचं अक्षर बिघडेल.

7. फाळणी ठरली, आता आखणीला परका माणूस आणा. सीमा कमिशनचे अध्यक्ष रॅडक्लिफ हे लंडनचे बॅरिस्टर. हिंदुस्थानात पहिल्यांदा आले ते 8 जुलै 1947 ला. मदतीला पंजाबसाठी चार न्यायाधीश, बंगालसाठी चार, प्रत्येक चौकडीत दोन इकडचे, दोन तिकडचे. म्हणजे निकाल एकट्याचाच. झेंडे 15 ऑगस्टपर्यंत फडकले, रेषा जाहीर झाली 17 ला. ताबा आधी, ओसी मागाहून. वर्तकनगरकरांना हे समजावून सांगायला नको.

8. डेब्रिजचा विचार शेवटी करा. रॅडक्लिफची पेन्सिल सिंधला लागलीच नाही, तो अख्खाच पलीकडे गेला. अलीकडे यायला तिथल्या हिंदूंना अर्धा सिंधसुद्धा नव्हता. त्यांतले बरेच कराचीहून बोटीत बसून मुंबईला उतरले. अकरा वर्षांपूर्वी ज्या इलाख्यातून त्यांना वेगळं काढलं होतं, त्याच इलाख्यात, पण जमिनीशिवाय. काही आपल्या कोपरीत आले. लाखभर माणसांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत नेलं. महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या लांबच लांब बराकी होत्या त्या. एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडं, मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे चूल, पलीकडे दुसऱ्याचं बाळंतपण. ही वाटणी मात्र त्यांनी कमिशनशिवाय केली.

8 ऑगस्ट 1949 ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं नाव उल्हासनगर झालं. आजही विठ्ठलवाडीला उतरून रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा, तर कॅम्पचा नंबर सांगावा लागतो.