खरे बोलण्याची शासनमान्य पद्धत

नाशिकमध्ये एखादी गोष्ट खरी आहे हे कट्ट्यावर पटवायचे असेल तर ‘आईशप्पथ’ पुरते. तीच गोष्ट सरकारी खिडकीवर पटवायची असेल तर आधी सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाचा परिसर, गाठावे. जिल्हा न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय दोन्ही तिथेच असल्याने सत्याचा बाजारही तिथेच भरतो.

टायपिंगवाल्याकडे प्रतिज्ञापत्राचा मसुदा तयार असतो. इच्छुकाने फक्त नाव, वय, धंदा, पत्ता सांगावा. धंद्याचा रकाना मोकळा सोडू नये. घरी बसलेल्यानेही ‘काही नाही’ असे ठामपणे लिहून द्यावे. मग ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ येते आणि त्यापुढे जे काही येईल ते आपोआप भारदस्त होते.

ज्यांना देवाला मध्ये घ्यायचे नाही त्यांच्यासाठी इंग्रजीत ‘सॉलेम्नली अफर्म’ आहे. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचे ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ झाले. दृढकथन तसे जुने आहे. गंगाजल किंवा कुराण हातात देऊन शपथ घ्यायला लावण्याची कोर्टातली पद्धत कंपनी सरकारने १८४० च्या कायद्याने बंद केली आणि त्याजागी दृढकथन आणले. त्याआधी मराठेशाहीत रवादिव्य होते: उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात बांधून मोहोर लावायची आणि काही दिवसांनी फोड आले का ते पाहायचे. त्या मानाने टायपिंगवाला स्वस्तच म्हणायचा.

आता मुद्रांक, म्हणजे लोकांच्या भाषेत बॉण्ड. तो नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो, ही नाशिककरांच्या अभिमानाची बाब. याच प्रेसमधून भंगारात निघालेली यंत्रे अब्दुल करीम तेलगीने मिळवली आणि देशभर बनावट मुद्रांक खपवले, ही गोष्ट अभिमानाने सांगता येत नाही. त्या काळात किती जणांनी खऱ्या गोष्टी खोट्या कागदावर सत्यप्रतिज्ञेने लिहून दिल्या असतील, कोण जाणे.

यानंतर ओळख. ‘प्रतिज्ञापत्र करणाऱ्यास मी ओळखतो’ या ओळीखाली वकिलाची सही लागते. ओळख नेमकी किती जुनी हवी, हे त्या ओळीत लिहिलेले नसते.

सर्वांत मौल्यवान वाक्य तळाशी असते: ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे खरा व बरोबर आहे.’ अनुभवी माणूस इथेच विसावतो. पण दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १९, नियम ३ थोडा खडूस आहे. प्रतिज्ञापत्रात स्वतःला ठाऊक असलेलेच लिहा, असे तो म्हणतो. ऐकीव समजूत फक्त अंतरिम अर्जात चालते, तीही आधार सांगून. भारतीय न्याय संहितेचे कलम २२९ त्याहून खडूस: न्यायालयीन कामात मुद्दाम खोटा पुरावा दिला तर ७ वर्षांपर्यंत कैद, इतरत्र ३ वर्षांपर्यंत. तेव्हा शेजाऱ्याच्या बांधाबद्दल काकांनी सांगितलेले काकांच्याच नावावर टाकावे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभराचा बॉण्ड पाचशेवर गेला आणि खरे बोलणे महागले. मार्च २०२५ मध्ये महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रांवरचे हे शुल्क माफ झाल्याचे जाहीर केले. बऱ्याच दाखल्यांना तर २०१५ पासून साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र चालते. तरीही खिडकीतून ‘बॉण्डवर करून आणा’ असे ऐकू आले, तर ‘कोणत्या आदेशाने?’ एवढे शांतपणे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.