काकूंनी पॅरिसला बीट खाल्लं

"काकू, तुम्ही परत आलात हे मला दूधवाल्याकडून कळतंय. कमाल झाली की हो!"

"अगं, झोपेचं पार खोबरं झालंय. रात्री दोनला टक्क जागी, आणि भरदुपारी डोळ्यांवर झापड. ये, अशी भिंतीपाशी ये. शेंगा निवडायलीय, बोलता बोलता होतील. आवाज जरा हळू ठेव, वकीलीणबाई गच्चीवर आहेत."

आमच्या सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या कॉलनीत दोन घरांमधली भिंत कमरेएवढीच आहे. बांधणाऱ्यानं विटा वाचवल्या की त्याला शेजारधर्म आधीच ठाऊक होता, सिद्धेश्वर जाणे. काकू लिंगायत. कांदा-लसूण चालतो, पण अंड्याचं नाव काढलं तरी 'शिव शिव' म्हणून कानाला हात. धाकटा मुलगा आणि सून पॅरिसला असतात, म्हणून दिवाळीत काका-काकू तिकडे गेले होते. आयफेल टॉवरचे फोटो व्हॉट्सॲपवर आधीच येऊन गेले होते, त्यात आता कुणाला रस उरला नव्हता. खरी बातमी वेगळीच होती. सूनबाईनं दोघांना 'आर्पेज' नावाच्या हॉटेलात जेवायला नेलं होतं.

"पेपरात आलं होतं ना काकू त्याचं. जुलै 2025 मध्ये. मांस, मासे, अंडी, दूध, लोणी, सगळंच बंद केलं म्हणे तिथल्या मालकानं."

"तेच की! सूनबाई म्हणाली, आई, अख्ख्या पॅरिसात तुम्हाला डोळे झाकून जेवता येईल अशी एवढी मोठी जागा दुसरी नाही. रोदँ म्हणून शिल्पकाराचं संग्रहालय आहे, त्याच्या अगदी समोर. बाहेरून बघशील तर वाटणार पण नाही. मला वाटलं होतं राजवाडा असेल."

काकूंना जे माहीत नव्हतं ते मी सांगितलं. ऐकीव माहितीवर भर घालायला मला आवडतं. त्या हॉटेलाचा मालक आलाँ पासार हा मुळात मांस भाजण्यात नाव कमावलेला स्वयंपाकी. ज्या गुरूकडे काम केलं त्याचीच जागा त्यानं 1986 साली विकत घेतली. 1996 साली मिशेलिनचे तीन तारे मिळवले. आणि 2001 साली, सगळं छान चाललेलं असताना, लाल मांस यादीतून काढून टाकलं. लोक म्हणाले, बुडाला हा. बुडाला नाही, तारेही गेले नाहीत. स्वतःच्या बागा केल्या, तिकडे नांगराला घोडा जुंपतात. बागेतली ताजी भाजी पॅरिसला यायची व्यवस्था केली. आता तर प्राण्याचं म्हणून काहीच वापरत नाही. अपवाद एक, स्वतःच्या पोळ्यांतला मध.

"मध तेवढा ठेवला होय?" काकू हसायलाच लागल्या. "म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या शहांना नेलं तर पंचाईत. त्यांना नेमका मधच चालत नाही. बीट तर त्याहून नाही, जमिनीखालचं."

"आणि तारे देणारी मिशेलिन म्हणजे टायरची कंपनी बरं का काकू. 1900 साली त्यांनी प्रवाशांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढलं, लोकांनी गाड्या घेऊन लांब लांब फिरावं, टायर झिजावेत म्हणून. तीन तारे म्हणजे, मुद्दाम प्रवास करून जावं अशी जागा."

"मग आम्ही सोलापूरहून गेलो की! आणखी किती मुद्दाम जायचं?"

यानंतर काकांची कथा आली. ती सांगताना काकूंनी आतल्या दाराकडे दोनदा वळून पाहिलं.

"बसलो. पांढरीशुभ्र चादर, इस्त्रीची एक रेघ दिसेल तर शपथ. पहिलं आलं ते एवढंसं, नखाएवढ्या पुऱ्या म्हण, वर भाजीचा मऊ लगदा. एक हिरवा, एक केशरी. मी उचलली, तोंडात टाकली, विरघळली. हे मात्र हात मांडीवर ठेवून बसले. म्हटलं, घ्या की. तर म्हणे, सगळं वाढू दे. वाढपी आला, बघून गेला. परत आला, बघून गेला. शेवटी वाकून सूनबाईच्या कानाशी विचारतो, काही चुकलं का? सूनबाई लालबुंद. ह्यांचं एकच, ताट पूर्ण झाल्याशिवाय घास उचलायचा नाही, आमच्या आईची शिकवण आहे. आता तिथं ताट पूर्ण कधी होणार गं? ताटच नाही!"

"काका तसे बरोबर होते. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्येही सगळं एकदम टेबलावर मांडायचे, तीच त्यांची जुनी रीत. एकामागून एक वाढायची पद्धत रशियातली. 1810 च्या सुमाराला कुराकिन नावाच्या रशियाच्या राजदूतानं ती पॅरिसात आणली असं म्हणतात."

"असं होय? हे ह्यांना सांगू नकोस. महिनाभर डोकं खातील माझं."

पण आतून खोकल्याचा आवाज आला, म्हणजे ऐकलं होतं.

"मग काका जेवले का?"

"जेवले कसले, पाव खाल्ला. पाव फार चांगला होता, कवच कडक आणि आत लुसलुशीत. संपला की लगेच दुसरा आणून ठेवायचे. ह्यांना वाटलं, हेच जेवण. बीट येईपर्यंत पोट भरून बसले."

बीट हा शब्द काकूंनी असा उच्चारला, की मी हातातली बादली खाली ठेवली.

"सांगते. आधी एक पाणीदार सार आलं, अगदी आरपार दिसणारं, त्यात छोटे छोटे कडबू पोहत होते. आत वेगवेगळी भाजी, एकात कांदा, एकात गाजर, एक कशाचा ते मला कळलंच नाही. मग पाला आला, चार-पाच जातींचा, एक कडू, एक आपल्या चुक्यासारखा आंबट. मग मोठी पितळी परात घेऊन दोघं आले. परातीत मिठाचा डोंगर. करडं, जाडं मीठ, ओलसर. भट्टीतून आलेलं, वरून नुसतं दगडासारखं. एकानं चमच्याच्या पाठीनं ठक् ठक् केलं, डोंगराला चीर गेली, वाफ आली. आत काय? एक बीट! अखंड, सालीसकट. तो ते ब्रशनं झटकतोय, साल काढतोय, फोडी करतोय, आणि आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं माना वळवून बघतायत. मला तर असं झालं की टाळ्या वाजवाव्यात की काय."

"आणि चव?"

"खोटं कशाला बोलू. चांगलं होतं. बिटाला एक मातकट वास असतो ना, आपण दही घालून, लिंबू पिळून तो मारतो. इथं तो मारला नव्हता. वास होता तिथंच होता, पण गोडीत मुरलेला. वर काळ्या सिरक्याचे चार थेंब. मिठात तासभर भाजून वर खारट अजिबात नाही, हे कसं जमवतात देव जाणे. मी दोन फोडी खाल्ल्या आणि तिसरी ह्यांच्या बशीतली उचलली."

"बारा चवींचा टोमॅटो मिळाला का? फळं, सुकामेवा, मसाले भरून पाकात शिजवलेला, गोड म्हणून देतो तो. फार प्रसिद्ध आहे त्याचा."

"नाही गं. टोमॅटोचा हंगाम संपला होता. बागेत जे आहे तेच पानात, असा तिथला खाक्या. हे मात्र मला पटलं. आपल्याकडे बघ, लग्नात बारा महिने तोच फ्लॉवर-बटाटा."

माझ्या मते काकूंची खरी तक्रार वेगळी होती, ती आता बाहेर आली.

"सगळं झालं, पण शेवटी भात नाही, दही नाही, ताक नाही. तुपाचा थेंब नाही. शाकाहारी म्हटल्यावर मी धरून चालले होते की ताक तर असेलच. बारा-साडेबाराला बसलो ते चारच्या पुढं उठलो, पोट भरलं होतं, पण जेवण संपल्यासारखंच वाटेना. घरी येऊन सूनबाईच्या फ्रिजमधलं दही काढलं, भात लावला, दोघांनी कालवून खाल्ला. तेव्हा कुठं जेवल्यासारखं वाटलं."

"सूनबाईंना राग नाही आला?"

"तिनं पण खाल्ला की."

वकीलीणबाई गच्चीवरून आत गेलेल्या दिसल्या, तशा काकू भिंतीवर कोपर टेकवून जवळ आल्या. "किती झाले असतील सांग."

"रात्रीचं 420 युरो वाचलं होतं मी. दुपारचं 260."

"दुपारचंच होतं. माणशी. आणि मुलगा धरून आम्ही चौघं."

युरो शंभर रुपये धरला तरी लाखाच्या वर. आम्ही दोघी थोडा वेळ नुसत्या शेंगांकडे बघत राहिलो. मंगळवेढ्याची ज्वारी सरकारी भौगोलिक मानांकन मिळवूनही बाजारात ज्या भावानं उठते, तो भाव माझ्या डोळ्यांसमोर आला. शेतकऱ्याची मुलगी आहे, काय करणार. मी म्हटलं, "काकू, त्यात माळी आला, घोडा आला, स्वयंपाकघरातली फौज आली, वाढणारे आले. तिथले पगार. आणि हल्ली मुंबईतही असंच आहे. महालक्ष्मीला शक्ती मिलच्या गल्लीत 'मास्क' म्हणून आहे, 2016 पासून. तिथंही यादीतून निवडायचं नाही, ते देतील ते एकेक करून खायचं."

"ते मला समजतं गं. सेवा काय होती म्हणतेस! मी हात धुवायला उठले तर एक पोरगा खुर्ची मागं ओढतो, परत येईपर्यंत माझा रुमाल घडी करून ठेवलेला. मग मी उगाच आणखी एकदा उठले, बघायला, की खरंच ठेवतो का. ठेवला! माझ्यामागं कुणी रुमालाची घडी करतंय, हे लग्न झाल्यापासून पहिल्यांदा."

एक नासकी शेंग त्यांनी लांब भिरकावली.

"भिंतीवर एका म्हातारीचं चित्र होतं. सूनबाईनं विचारलं, तर म्हणे त्या मालकाची आजी. लुईज नाव. तिच्याकडूनच त्याला स्वयंपाकाची गोडी लागली. मला बरं वाटलं. बाप्यांनी आजीचं नाव घेतलेलं मी फार ऐकलं नाही. पण मग बसल्या बसल्या माझ्या मनात आलं, आजीनं घरच्यांना जेवायला घातलं तेव्हा बिल कुणाला लावलं असेल? बीट तासभर भाजलं म्हणून कौतुक. मी शेंगा भाजते, सोलते, उखळात तेल सुटेपर्यंत कुटते. मिक्सरला लावलं तर नुसता भुगा होतो, चटणी होत नाही, तुला माहितीय. नव्या पेठेत तीच चटणी किलोवर मिळते, तिथं तिला दर आहे. माझ्या ओट्यावर केली की तिला दर नाही. हे मी तिथंच बोलले, मोठ्यानं."

"मग?"

"सूनबाई म्हणाली, आई, घरी गेल्यावर तुम्हीपण बिल लावायला सुरुवात करा. ह्यांना पावाचा ठसका लागला. पाणी द्यायला दोन वाढपी धावले."

आतून काकांचा आवाज आला, "ठसका पावाचा नव्हता."

"ऐकत बसायचं नाही ओ बायकांचं!" काकू ओरडल्या, आणि मला म्हणाल्या, "बघ, आजपर्यंत एक शेंग सोलू लागले नाहीत. पण परवापासून स्वतःचं ताट स्वतः उचलतायत. बिलाची भीती बसलीय."

तेवढ्यात फाटक वाजलं. वकीलीणबाई. त्यांनी गच्चीवरून किती ऐकलं होतं आणि किती नाही, याचा अंदाज घेत काकूंनी पदर सारखा केला.

"काय मग, कसं झालं पॅरिस? सुनेनं काय काय खायला घातलं?"

"काय असतंय ओ तिकडं," काकू म्हणाल्या, चेहऱ्यावर एक रेष हलली नाही. "बीट."

"बीट?"

"बीट. पाव. थोडा पाला."

"आणि हॉटेलात वगैरे नाही नेलं?"

"हॉटेलातच की. पैसे सूनबाईनं दिले, आम्ही विचारलं नाही."

वकीलीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलून घरात आले.

संध्याकाळी सासूबाई भजनाहून परतल्या त्या चप्पल काढायच्या आधीच म्हणाल्या, "ऐकलंस का? आपल्या काकूंचे तिकडे फार हाल झाले म्हणे. सून पाव आणि पाला घालायची. बिचाऱ्यांनी बिटावर दिवस काढले. जरा डबाभर दहीभात देऊन ये बाई."

मी दहीभात कालवला आणि भिंतीवरून दिला. काकूंनी काही न विचारता घेतला.