ना मॅट, ना चकचकीत

सॅटिन फिनिशचं नेलपॉलिश म्हणजे काय, असं तुळशीबागेतल्या दुकानदाराला विचारलं. "ताई, मॅट नाही, ग्लॉसी नाही, मधलं." म्हणजे सत्तेत राहून विरोधी बाकावर बसण्यासारखं!

तरी पाच बाटल्या घेतल्या. वाईन, मोरपंखी, गुलबक्षी, जांभळा आणि एक 'न्यूड'. हा शेवटचा म्हणजे माझ्याच नखाचा रंग, पैसे मोजून. डाव्या हाताच्या पाच बोटांना पाच रंग लावून हात हवेत धरला. तेवढ्यात फोन वाजला, आणि करंगळीवर पर्सच्या चेनचे दात उमटले. टॉपकोट लावून झाकावं, तर सॅटिनचं ग्लॉसी होतं. न लावावा, तर दुसऱ्या दिवशी भांडी घासताना टवके. नेलपॉलिशमधलं नायट्रोसेल्युलोज म्हणे बंदुकीच्या दारूच्या घराण्यातलं. काथ्यापुढे मात्र शरणागती!

शेवटी अ‍ॅसिटोननं सगळं पुसलं. तर्जनीवर मतदानाची शाई तेवढी उरली. १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येते, सिल्व्हर नायट्रेटची, फुकट. शेड मात्र एकच.