कायम नोकरीतले कोळी

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला पाणी चार-आठ दिवसांनी येतं, पण बिअरची राजधानी म्हणून आमचं नाव देशभर आहे. वाळूज पट्ट्यात बिअरचे एवढे कारखाने आहेत, की २०१६च्या दुष्काळात जायकवाडी धरण मृतसाठ्यावर आलं आणि उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठाने मद्यकारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत कापलं, तेव्हा आमची तहान पहिल्यांदाच राष्ट्रीय बातमी झाली.

माझे दाजी अशाच एका कारखान्यातून निवृत्त झाले. खातं क्वालिटी कंट्रोल. आपल्या परवानगीशिवाय बिअरमध्ये कोणी शिरणार नाही हे पाहणं, एवढंच त्यांचं काम. टाक्या कॉस्टिकने धुवायच्या, पुन्हा ॲसिडने धुवायच्या, स्वॅब घ्यायचा, प्लेट लावायची. त्या प्लेटवर लॅक्टोबॅसिलस किंवा पेडिओकोकस उगवला, की दाजींना जेवण जात नसे. हे दोघे बिअर आंबवतात आणि गढूळ करतात. लग्नानंतर बरेच दिवस ताईची समजूत होती, की पेडिओकोकस हा युनियनचा पुढारी असावा.

भाचा ब्रसेल्सला नोकरीला लागला, म्हणून आम्ही तिघं गेलो. ग्रां प्लास हा तिथला चौक दाजींनी उभ्याउभ्याच पाहिला. मानेकेन पिस या लघवी करणाऱ्या पोराचा हातभर उंचीचा पुतळा पाहून ते म्हणाले, "ह्याच्यासाठी गर्दी? जालना रोडला या म्हणावं, रांगेत दाखवतो." शेवटी भाच्याने मिडी स्टेशनपासून चालत चालत अँडरलेख्टमधल्या काँतियों या १९०० सालच्या ब्रुअरीत नेलं.

दाजी दारातच थबकले. बुटांवर चढवायची पिशवी नाही, हात धुवायला बेसिन नाही, डोक्याला जाळी नाही. जाळी होती ती कोपऱ्याकोपऱ्यात, कोळ्यांची.

"हे काय करायलेत?" दाजी कुजबुजले.

ते जे करायलेत ते असं. गव्हाचा आणि बार्लीचा रस तासन्‌तास उकळायचा, त्यात मुद्दाम जुने, वास गेलेले हॉप्स घालायचे आणि मग तो माळ्यावरच्या तांब्याच्या उथळ हौदात रात्रभर उघडा सोडून द्यायचा. खिडक्या उघड्या, छपराच्या फटीही उघड्या. ब्रसेल्सच्या हवेतून जे काही येऊन पडेल ते पडेल. वरून यीस्ट कोणी घालत नाही. सकाळी हा रस लाकडी पिंपांत भरायचा आणि दोन-दोन, तीन-तीन वर्षं त्याच्याकडे फारसं बघायचं नाही. याला लॅम्बिक म्हणतात. हा उद्योग फक्त थंडीच्या महिन्यांत चालतो, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू शिरतात.

"म्हणजे हवे असलेलेही जंतू आहेत?" दाजींनी विचारलं.

माहिती देणाऱ्या मुलीने घरच्या माणसांची ओळख करून द्यावी तशी नावं सांगितली. ब्रेटानोमायसिस, लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकोकस. दाजींनी पिंपाला हात टेकला आणि मग पिंपात कोण राहतं हे आठवून तो काढूनही घेतला. ताई म्हणाली, "तुम्ही ज्यांना जन्मभर हाकललं, ते सगळे इथे येऊन चांगले स्थायिक झालेत की हो!"

क्रीक म्हणजे आंबट चेरी घालून मुरवलेली हीच लॅम्बिक. चेरी लिटरला साधारण २०० ग्रॅम, बियांसकट. चेरीची साखर यीस्ट खाऊन टाकतात. मागे उरतो तो लाल रंग आणि आंबटपणा, आणि बियांमुळे शेवटी जिभेवर बदाम रेंगाळतो. चेरी आली की चिलटं येतात, चिलटं आली की कोळी येतात. म्हणून इथे जाळी झाडत नाहीत.

"म्हणजे पेस्ट कंट्रोल कोळ्यांकडे दिलंय," दाजी म्हणाले. "कंत्राटी आहेत की कायम?"

भाच्याने भाषांतर केलं. मुलगी गंभीरपणे म्हणाली, "कायम."

मग ग्लास आले. या बिअरच्या वासाला जाणकार घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीची उपमा देतात, आणि ती स्तुती असते. मी पहिल्या घोटाला डोळे मिटले, कारण ते उघडे ठेवणं शक्यच नव्हतं. दुकानात गोड क्रीकही मिळते, लिंडमन्सची वगैरे. ताईला तीच आवडली. वाईट नसते, पण ती प्यायल्यावर आपण काही सोसलं असं वाटत नाही.

दाजींनी मात्र ग्लास उजेडात धरला, फिरवला, हुंगला आणि एकेक गुन्हेगार ओळखू लागले. "हा ब्रेट. हा लॅक्टिक. मागे थोडा ॲसिटिकही आहे." मग एक घोट घेऊन बराच वेळ गप्प राहिले.

"बॅच रिजेक्ट," ते म्हणाले. "पण इतकी शिस्तीत नासलेली बिअर मी आयुष्यात पाहिली नाही."

येताना दोन मोठ्या बाटल्या आणल्या. कस्टमच्या दोन लिटरांत त्या बसतात, हे दाजींनी आधीच पाहून ठेवलं होतं. सिडकोतल्या गच्चीवर कारखान्यातले जुने सहकारी जमले. पॅकेजिंगवाल्यांनी चव घ्यायचं नावच काढलं नाही. बूच आणि वर पुन्हा क्राउन पाहून ते म्हणाले, "एका बाटलीला दोन झाकणं? यांचं कॉस्टिंग कोण करतं?" बॉयलरवाल्यांनी एक घोट घेऊन शेवेची ताटली जवळ ओढली. लेबलवरची मुदत मात्र सगळ्यांनी चष्मे लावून आळीपाळीने वाचली. दशकभर पुढची! सहा महिन्यांच्या मुदतीवर नोकऱ्या काढलेली ती माणसं.

मग दुसरी बाटली मुरवायची ठरली. पण कुठे? मे महिन्यात आमच्या गावात थंड आणि अंधारी जागा म्हणजे देवगिरी किल्ल्यातली अंधारी, आणि ती पुरातत्त्व खात्याकडे. शेवटी दाजींनी देवघराखालचं कपाट सुचवलं.

"अजिबात नाही," ताई म्हणाली. "तिथे गंगेचा गडू आहे. सत्यनारायणाच्या घाईत तुमच्यातलं कोण काय ओतेल, सांगता येत नाही."