श्री पृष्ठताण प्रसन्न

गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यातल्या सनातन्यांनी जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती, हे वाचल्यापासून आपलीही कुणीतरी काढावी असं मला फार वाटायचं. बीएस्सीला होतो, विषय फिजिक्स, गाव सातारा. म्हणजे नरेंद्र दाभोलकरांचं गाव. त्यांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढलेली, तिकडे श्रीराम लागू परमेश्वराला रिटायर करायला निघालेले, आणि मीही आळीतल्या कट्ट्यावर बसून रोज संध्याकाळी देव नाकारत असे. पण प्रेतयात्रा काढण्याइतका उत्साह आळीत कुणालाच नव्हता. आई एवढंच म्हणायची, "देव नसू दे, पण आधी आंघोळ करून ये."

अशात २१ सप्टेंबर १९९५ उजाडला. गुरुवार. गणपती गावाला जाऊन दोन आठवडे होत आले होते, पितृपक्ष चालू होता. पंचांगाप्रमाणे मान कावळ्यांचा. पण पहाटे दिल्लीतल्या एका देवळात गणपती दूध प्यायला आणि एसटीडीच्या बिलाची पर्वा न करता देशभरच्या आत्या-मावश्यांनी ती बातमी दुपारच्या आत साताऱ्यात पोचवली. पुढे कळलं, लंडनच्या साउथहॉलमध्येही रांगा लागल्या होत्या. आईनं आमच्या चहाचं दूध तांब्यात ओतलं, तेव्हा माझ्यातला आगरकर जागा झाला.

उत्तर मला येत होतं, तिथंच सगळं बिघडलं. द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो. काठोकाठ भरलेल्या चमच्याची कड ओल्या दगडाला टेकली, की दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थरानं खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नाही, म्हणून दुधात रंग घालायचा. दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनीही तेच करून दाखवलं. मी आईकडे कुंकू मागितलं. "पोरगं माणसात आलं," म्हणत तिनं डोळ्यांना पदर लावला आणि अख्खा करंडा माझ्या हातात दिला.

आमच्या आळीतला गणपती मात्र शेंदराचा. कुंकवाचं दूध त्याच्या अंगावर दिसेल कसं? लहानपणापासून पाहिलेली मूर्ती, पण हे सुचलं ते थेट गाभाऱ्यात पोचल्यावर.

माझ्यापुढे आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू होत्या आणि त्या रडत होत्या. सगळ्यांचं दूध पितो, माझंच पीत नाही, सकाळपासून इतकी देवळं झाली, काय पाप घडलं असेल रे माझ्या हातून? मी पाहिलं. काकू चमचा अर्धाच भरत होत्या आणि हात थरथरत होता. म्हटलं, "काकू, पाप-पुण्याचा संबंध नाही. चमचा काठोकाठ भरा. तिरपा करू नका. सोंडेच्या टोकाला नुसता टेकवा. तिथं आधीच्या लोकांच्या दुधाची ओल आहे, तिथंच." त्यांचं मनगट धरून मी टेकवलंही. बघता बघता चमचा रिकामा. देवळात "मोरया!"चा गजर झाला. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "पृष्ठताण! हा पृष्ठताण आहे!" मागच्या आजोबांनी विचारलं, "अथर्वशीर्षातलं का रे?"

काकू माझ्या पाया पडल्या.

मग ज्यांचं ज्यांचं दूध अडलं होतं ते सगळे माझ्याकडे. गुरवमामांनी बसायला पाट दिला. प्रत्येकाला मी पृष्ठताण समजावून सांगितला आणि सांगायला हरकत नाही, एकानंही वाद घातला नाही. कॉलेजातसुद्धा माझं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली, चमचे काठोकाठ भरले आणि जाताना विचारलं, "पण हा ताण घातला कुणी?" पहिला तासभर मी चिडलो. पुढे चिडायचं राहून गेलं. कुणीतरी गंध लावलं, कुणी पेढा दिला. काकू लोकांना सांगत होत्या, "पोराच्या हाताला गुण आहे."

संध्याकाळी समितीच्या शिबिरातला माझा एक मित्र पिशवीत वरवंटा घेऊन आला. गंध लावून पाटावर बसलेल्या मला पाहून त्यानं एक शब्द उच्चारला, तो इथं छापण्यासारखा नाही. मग पायरीवर वरवंटा उभा करून ओला केला आणि चमचा टेकवला. वरवंटाही दूध प्यायला. "बघा, आता बोला!" तो म्हणाला. लोकांनी वरवंट्याला हात जोडले. एका आजींनी नवऱ्याला घरी पिटाळलं: "आपला आणा, सासूबाईंच्या वेळचा आहे."

रात्री गर्दी ओसरल्यावर मी गुरवमामांना मागच्या बाजूला नेलं. गाभाऱ्याची मोरी पांढरी वाहत होती आणि आळीतली सगळी कुत्री-मांजरं तिथं वैर विसरून चाटत होती. म्हटलं, "मामा, हे बघा, दूध कुठं जातंय."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मला काय सांगतोस? सकाळपासनं मीच फडकं मारतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"रांगेत माझी बायको होती," ते म्हणाले आणि बादली उचलून आत गेले.

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या खाडीचं पाणी गोड झालं आणि त्यापाठोपाठ मूर्ती पुन्हा दूध प्यायला लागल्या. तोवर मी पुण्यात नोकरीला होतो, देवावरची व्याख्यानं बंद करून ईएमआयवर बोलायला लागलो होतो. साताऱ्याहून आईचा फोन आला. काकू देवळातून आल्या होत्या म्हणे, अगदी हिरमुसल्या होत्या.

"चमचा कसा धरत होत्या?" मी विचारलं.